खडकाला घातलेली आंघोळ

माणसाला स्वच्छतेची आवड असावी, कोण नको म्हणतंय? अंगण झाडावं, भांडी लख्ख घासावीत, अंथरुणं उन्हात टाकावीत. पण म्हणून कोणी खडकाला आंघोळ घालतं? थोरलीच्या जावयाने घातली. तीही एक दिवस नाही, सलग नऊ दिवस. दोराने वर ओढलेल्या बादल्या, घासायला वाळू, हातात काथ्याचा कुंचा आणि तोंडात शीळ. समुद्राने इतकी वर्षं धुऊन जो खडक स्वच्छ झाला नाही, तो ह्या पठ्ठ्याने नऊ दिवसांत चकचकीत केला आणि खाली उतरून विचारलं, "आता कसं वाटतंय?"

थोरलीला कसं वाटतंय ते तिने त्याला सांगितलं नाही. जावयाला तोंडावर बोलायचं नाही, ही रीत तिच्या अंगात मुरलेली. आणि गप्प बसायची रीत तिला कोणी शिकवलीच नव्हती. त्यामुळे जावई घरात राहायला आला तेव्हापासून ती शिडीशी बोलायची.

"काय गं शिडे," ती मोठ्याने म्हणाली, "पाय दुखले असतील तुझे. नऊ दिवस वरखाली, वरखाली. तुला विचारलं का कोणी, की बाई, तुला दुसरं काही काम आहे का?"

जावई हसला आणि शिडीसुद्धा ओल्या फडक्याने पुसून ठेवली.

थोरली म्हणजे ह्या घरची मोठी सून. सून म्हणून आली त्याला पन्नास वर्षं झाली. सासू गेली, सासरा गेला, नवरा गेला, पण गाव तिला अजून थोरलीच म्हणतं. तिची जाऊ ओढ्यापलीकडे वेगळी चूल मांडून राहते. तिच्याही तोंडात चारच दात उरलेत, तरी ती धाकटीच.

थोरलीचं घर खडकाला पाठ टेकून उभं होतं. पुढे सहा वाफे, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. त्यांच्या खाली समुद्राचं उथळ पाणी. पाऊस पडला की खडकावरून वाहणारं पाणी दगडी पन्हळीतून वरच्या वाफ्यात यायचं, तिथून खालच्या, आणि सगळे वाफे प्यायले की उरलेलं समुद्रात.

आणि खडकाच्या माथ्यावर पाणकावळे. शंभर तरी असतील. काळे, लांबमाने, पंख फाकून असे उभे राहायचे, की कोणीतरी भिजलेल्या छत्र्या वाळत घातल्यात. दिवसभर आत समुद्रात जाऊन मासे मारायचे आणि घरी येऊन खडकावर शिटायचं, हा त्यांचा धंदा. खडक वरपासून खालपर्यंत पांढरा. वास असा, की नवा पाहुणा दारातूनच तब्येतीची चौकशी करून परत जायचा.

ह्या सहा वाफ्यांत थोरली रोपं करायची. कोबीची, कांद्याची, टोमॅटोची. लावणीआधी एक सकाळ अशी यायची, की अख्खं गाव ओलं पोतं घातलेल्या टोपल्या घेऊन तिच्या दारात. ती वाफ्याच्या कडेला दगडावर बसायची आणि मुठीमुठीने रोपं उपटून द्यायची. रोपांचं काही घेत नसे. ज्याला न्यायचं त्याने दोन शब्द ऐकून घ्यायचे, एवढीच अट.

"घे. मागच्या साली पाणी घालायला विसरलास, ह्या साली बायकोला विसर, पण रोपांना विसरू नकोस."

"तू नेतेस खरी, पण तुझ्या कोंबड्यांनाच कोबी खायला घालायचा असेल तर बियाणंच ने ना, माझी कंबर कशाला मोडतेस?"

लोक मान खाली घालून ऐकायचे, कारण तशी रोपं दुसरीकडे नव्हती. बोटाएवढा जाड देठ, काळीभोर हिरवी पानं. जमीन तिची फार नव्हती, घरात पैसा नव्हता, शाळेत ती जेमतेम दोन पावसाळे गेली होती. पण वर्षातल्या त्या एका सकाळी गाव तिच्यापुढे वाकायचं. उरलेलं वर्ष ती त्या सकाळच्या जोरावर ताठ चालायची.

"थोरलीच्या हाताला गुण आहे," लोक म्हणायचे.

"आहेच," थोरली म्हणायची. "माझ्या वाफ्यात आजवर खताची एक पाटी पडलेली नाही. खत कोणाला लागतं? ज्याच्या हाताला गुण नाही त्याला."

हे ती ओढ्याकडे तोंड करून म्हणायची. कारण ओढ्यापलीकडे धाकटी शेळ्यांच्या लेंड्यांची पाटी डोक्यावर घेऊन शेताला चाललेली असायची. पन्नास वर्षं धाकटीने ते ऐकलं आणि पाटी वाहिली.

आता जावयाचं. तो रंगारी. बाजारगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा, भिंती रंगवायचा. थोरलीची एकुलती एक लेक आईला सोडून जायला तयार नव्हती, म्हणून तोच डबे-कुंचे घेऊन इकडे आला. स्वभावाने गरीब, व्यसन नाही, उलट बोलणं नाही. पण नीटनेटका म्हणजे किती? टॉवेल चौघडी घालून ठेवायचा. जेवताना ताटाच्या कडेला थेंब सांडला तर बोटाने पुसून घ्यायचा. आणि बघायची एक खोड होती त्याला, एक डोळा बारीक करून. तसा तो थोरलीकडे बघायला लागला, की तिला वाटायचं, आपल्याला कोणीतरी भिंतीवर जरा वाकडं टांगलंय.

आल्या आल्या त्याने घराची मागची भिंत आभाळी रंगाने रंगवली. सासूला भेट म्हणून. चार हात दिले. तिसऱ्या सकाळी त्या भिंतीवर वळचणीपासून खिडकीपर्यंत एक पांढरा ओघळ. त्याने पुसला. दुसऱ्या दिवशी दोन. पंधरा दिवस तो पुसत राहिला. मग हातात फडकं घेऊन चुलीपाशी आला.

"आई, ह्या पाखरांचं काहीतरी करायला हवं."

"काय करणार? मी आले तेव्हापासून आहेत."

"तुम्हाला त्यांचा काही उपयोग आहे का?"

"मला?" थोरलीने भाकरी अशी उलटली, की तव्याला लागली. "मला त्यांचा काय उपयोग! पन्नास वर्षं नाक दाबून जगतेय. धुतलेला एक कपडा धुतलेला राहू दिला नाही मेल्यांनी. घालवा की. मी वेशीपर्यंत पोचवायला येते हवं तर."

ही गोष्ट थोरली पुढे कोणाला सांगत नसे. पण घडलं ते असं घडलं.

जावयाने शब्द उचलला. पाखरं अजून घरट्यांना लागायची होती. त्याने खडकावर दोऱ्या बांधल्या, दोऱ्यांना रिकामे रंगाचे डबे, डब्यांत खडे. वारा सुटला की नुसता खडखडाट. वर पहाटे तो स्वतः जाऊन ताट बडवायचा. पाणकावळे दोन दिवस घिरट्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी सगळे उठले आणि दूर पाण्यात सुळका होता तिकडे गेले. मग आंघोळ.

पाखरं गेली त्या संध्याकाळी थोरली दारात बसली तर काही ऐकूच येईना. बोलता बोलता समोरचा माणूस मध्येच उठून जावा, तसं वाटलं. पण वाळत घातलेली चादर पांढरीच राहिली, तेव्हा तिला बरंही वाटलं.

पहिल्या साली काही कळलं नाही. मातीच्या पोटात जुनं होतं, त्यावर भागलं. दुसऱ्या साली रोपं काविळीतून उठलेल्या माणसासारखी. लोकांनी नेली, थोरलीच्या तोंडाकडे बघून काही बोलले नाहीत, आणि निम्मी रोपं मेली. थोरलीने वाफ्यांना पाणी वाढवलं, राख घातली. रोपांना शिव्याही घालून बघितल्या. लेक म्हणाली, "आई, शेळ्यांचं खत आणूया ना."

"कुठून आणूया?"

लेकीने ओढ्यापलीकडे हात दाखवला.

"मेले तरी नाही," थोरली म्हणाली. "त्या बाईच्या दारातून मी डोक्यावर पाटी घेऊन यायची? आणि ती काय करेल? हसेल. चार दातांनी हसेल. मला ते चार दात बघायचे नाहीत."

तिसऱ्या साली रोपांची सकाळ आली. थोरली दगडावर जाऊन बसली. वाटेने टोपल्या आल्या. थोरलीच्या फाटकापाशी लोकांचे पाय जरा घुटमळले. "काय थोरले, बरी ना?" म्हणाले, आणि टोपल्या ओढा ओलांडून पलीकडे, धाकटीने केलेल्या रोपांकडे गेल्या. एकामागून एक. थोरली दगडावरून उठली नाही. उन्हं वर आली तरी बसून राहिली, म्हणजे कोणी म्हणू नये, की ती उठून गेली.

दुपारी धाकटी स्वतः आली. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोपांची जुडी.

"जाऊबाई, जास्तीची उरली होती. म्हटलं, टाकायची कशाला."

"टाकायची होती तर टाकायचीस."

"तेच करतेय ना. तुमच्या वाफ्यात टाकतेय." धाकटीने जुडी दगडावर ठेवली आणि थोरलीच्या हाताकडे निरखून बघितलं. "हाताला काय झालं हो? वात धरला का?"

थोरलीने हात पदराखाली घेतला. तो लपवायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती. धाकटी ओढा ओलांडून गेली तरी तो पदराबाहेर आला नाही. आणि नेमका त्याच वेळी जावई वाफ्याच्या टोकाशी येऊन एक डोळा बारीक करून उभा राहिला.

"आई, मला वाटतं, रोपं सरळ ओळीत लावली नव्हती, म्हणून असेल."

"ओळीत!" थोरली उभी राहिली. "पन्नास वर्षं माझी रोपं वाकडी उगवली आणि गावाने डोक्यावर घेऊन नेली! तुमची ओळ माझ्या घरात शिरली आणि माझ्या दारातली ओळ त्या बाईच्या दारात गेली! तुम्ही आलात तेव्हापासून ह्या घरात काही धड उगवलंय का? भिंत तेवढी चमकतेय! भिंत खाऊ आता? भिंतीची रोपं वाटू?"

लेक धावत आली. "आई, अगं, तू शिडीशी बोलत नाहीयेस."

"माहितीये मला कोणाशी बोलतेय ते! शिडीला अक्कल आहे!"

जावई पांढरा पडला. पण गरीब माणूसही कधीतरी तोंड उघडतो. "मी काय वाईट केलं, आई? घर स्वच्छ केलं. पाखरं घालवली, तीही तुम्हाला विचारून. तुम्हीच म्हणालात, पोचवायला येते."

"म्हणाले. मी खूप काही म्हणते. सगळं ऐकायला कोणी सांगितलं होतं?"

"भांडा नंतर," लेक म्हणाली. "आधी इकडे या दोघं. मी आठ दिवस बघतेय, पण तुझ्यापुढे बोलायची हिंमत होईना."

शेवटच्या वाफ्याच्या कोपऱ्यात जुन्या फाटकाचा एक लाकडी खांब उभा होता. पाणकावळे गेले तरी एक लंगडा समुद्रपक्षी, एकटाच, रोज सकाळी त्या खांबावर येऊन बसायचा. जावयाने त्याला हाकलून हाकलून शेवटी नाद सोडला होता. खांब पांढरा झाला होता. आणि खांबाच्या खाली, परातीएवढ्या गोलात, कोबीची रोपं बोटाएवढ्या देठाची. काळीभोर. गोलाच्या बाहेर सगळी पिवळी काडी.

तिघं खाली बसून बघत राहिली. थोरलीने गोलातलं एक पान चिमटीत धरलं. जुन्या ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं, तसं ते पान.

खालून जाळेवाला चढून येत होता. खांद्यावर जाळं, जाळ्यात ओंजळभर मासे. थोरलीच्या नवऱ्याचा दोस्त. उथळ पाण्यात जाळं टाकून पोट भरणारा.

"दिसलं शेवटी?" तो खांबाला टेकून उभा राहिला. "वहिनी, हे मी दोन वर्षं सांगतोय, पण तुम्ही बोलू कुठे देता?"

"आता बोला."

"पाखरं पार आत जाऊन मासे खायची, माझी होडी पोचत नाही तिथले. पोटात घालून इथे आणायची आणि वर खडकावर सांडायची. पाऊस ते धुऊन तुमच्या वाफ्यांत आणायचा. वाफ्यांचं पोट भरलं की उरलेलं माझ्या पाण्यात. त्यावर शेवाळ माजायचं, शेवाळात किडे, किड्यांवर बारके मासे, बारक्या माशांवर मी. असा सगळ्यांचा संसार चालला होता. जावईबापूंनी मधलंच पुसून टाकलं. बघा हे." त्याने जाळं पुढे केलं. "एवढ्यात मांजरसुद्धा नाक मुरडतं."

"म्हणजे," थोरली सावकाश म्हणाली, "माझा हात..."

"हात होता की. उपटायला हात तुमचाच होता." जाळेवाल्याने दाढी खाजवली. "वाढवायचं काम जरा दुसऱ्या ठिकाणाहून चालायचं."

थोरलीने पान सोडलं. पन्नास वर्षं ओढ्याकडे तोंड करून ती काय काय म्हणाली होती, ते सगळं एकदम तिच्या कानात आलं. पाटी तिने वाहिली नव्हती खरी. तिची पाटी शंभर पाखरं वाहत होती.

मग ती उठली. "हे धाकटीला कळता कामा नये," ती म्हणाली. "आणि पाखरं परत आणायची. कशी, ते सांगा."

"पाखरू लांबून पांढरा खडक बघतं," जाळेवाला म्हणाला. "पांढरं दिसलं की म्हणतं, इथे आपली मंडळी राहतात, चांगली खाऊनपिऊन आहेत, उतरायला हरकत नाही. आता हा खडक बघा, काळा कुळकुळीत. कोणतंही शहाणं पाखरू म्हणेल, इथे काहीतरी वाईट घडलंय. दोनेक महिन्यांनी घरटी बांधायला जागा शोधत फिरतील ती. तेव्हा दिसला तर दिसला."

जावयाने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग आला. "पांढरं करायचंय? मग ते माझं काम आहे."

त्याने चुना भिजवला, चाळला, आठ दिवस खडकावर लटकून काम केलं. नवव्या दिवशी थोरलीला हाताला धरून वाटेवर नेलं आणि वळून बघायला सांगितलं. थोरली वळली. खडक पांढराशुभ्र. एकसारखा. कडा दोरीने आखल्यासारख्या.

"हा खडक आहे की दवाखान्याची भिंत?" ती म्हणाली. "ह्यावर उतरायच्या आधी पाखरू पाय पुसेल!"

"मग कसं हवंय?"

"शिटल्यासारखं!"

जावई परत वर चढला. चुना खरवडला, काळा खडक मोकळा केला, आणि ओघळ काढायला बसला. एक ओघळ, वीतभर जागा. एक ओघळ, वीतभर जागा. सगळे सारख्या लांबीचे, खाली एकेक टपोरा थेंब.

खालून थोरली ओरडली, "जावईबापू! पाखरं काय रांगेत बसून हुकूम सुटला की एकदम शिटतात?"

"मला दुसरं येत नाही, आई! माझा हात सरळच जातो!"

थोरलीने शिडी लावली. लेक नको नको म्हणत शिडी धरून उभी राहिली. बाहत्तर वर्षांची बाई, गुडघे करकरताहेत, एका हातात खराटा. वर पोचली, जावयाच्या बादलीत खराटा बुडवला.

"बघा इकडे. मनात काही आणायचं नाही. मी खाऊन आलेय. पोट गच्च आहे. समोर समुद्र आहे. खाली कोणाचं काय आहे त्याच्याशी मला देणंघेणं नाही." आणि तिने खराटा असा झटकला, की अर्धा चुना खडकावर आणि अर्धा जावयाच्या तोंडावर. "हं! आता तुम्ही."

जावयाने झटका दिला.

"विचार केलात."

परत दिला.

"अजून करताय. दिसतोय मला विचार."

दहाव्या-बाराव्या झटक्याला त्याचा खांदा सैल झाला. विसाव्याला तो हसायला लागला. दुपारपर्यंत दोघं खडकभर नाचत होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, आणि खाली लेक शिडी धरून म्हणत होती, "देवा, ह्यांना खाली कसं उतरवू?"

ओढ्यापलीकडून हाक आली. "जाऊबाई! अहो, काय चाललंय तिथे?"

"जावयाला कला शिकवतेय!" थोरली ओरडली. "तुला नाही कळायची!"

पण नुसतं पांढरं पुरणार नाही, जाळेवाला म्हणाला. वर कोणी राहतंय असं वाटायला हवं. त्याने जाळ्याचे जुने लाकडी तरंगे आणि होडीला फासायचं डांबर आणून दिलं. जावयाने ते तासून, जोडून, डांबर लावून पाणकावळे केले. पंधरा नग. काही पाणकावळ्यांसारखे झाले, काही किटलीसारखे. एकाची मान आखूड, पोट पुढे आणि चोच अर्धवट उघडी.

लेक त्याच्याकडे बघून म्हणाली, "आई, हा काकूसारखा दिसतोय गं."

थोरलीने बघितलं. तीन वर्षांत हसली नव्हती तेवढी हसली. हसता हसता खाली बसली. "ह्याला सगळ्यात वर ठेवा," डोळे पुसत म्हणाली. "लांबून दिसायला पाहिजे."

पहिल्या पंधरवड्यात आला फक्त एक कावळा. किटलीच्या डोक्यावर बसून त्याने चारी बाजूंना बघितलं आणि फसवलं गेल्यासारखा ओरडत निघून गेला. वाऱ्याने, खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी चुना फिका पडायचा. जावई रोज सकाळी उठून, तोंड धुऊन, ताजी शीट मारायला वर जायचा. गावात हसू झालं. बाजारगावातली त्याची गिऱ्हाइकं विचारायची, काय हो, सध्या कुठे काम चालू आहे? तो मान खाली घालून म्हणायचा, सासूबाईंकडे.

थोरली दारात बसून आभाळाशी भांडायची. "अरे, मी चिडून बोलले. माणूस चिडून बोलत नाही का? तुम्ही असे कोण लागून गेलात, की तीन-तीन वर्षं मनात धरायचं?"

एके सकाळी जावई वर गेला आणि ओरडला नाही, हलला नाही, तसाच वाकलेला राहिला. मग एका हाताने खाली खूण केली. थोरली आणि लेक भिंतीला चिकटून वर बघायला लागल्या.

लाकडी धाकटीच्या शेजारी एक खरा पाणकावळा उभा होता. चोचीत समुद्रशेवाळाची लांब दोरी. मान वाकवून वाकवून तो ती दोरी तिला देत होता. ती घेईना. त्याने दोरी तिच्या पायाशी ठेवली, जरा मागे सरकला, पंख फाकून दाखवले, परत पुढे आला.

"मूर्ख आहेस," थोरली कुजबुजली. "त्या बाईशी आजवर कोणाचं जमलंय?"

पण तो चिवट निघाला. पाच दिवस रोज आला. सहाव्या दिवशी सोबत खरी मादी होती. तिने लाकडी धाकटीला चोचीने ढकलून कडेवरून खाली पाडलं आणि त्या जागी घरटं घातलं. हंगाम सरता सरता सात जोड्या झाल्या. पुढच्या साली तीस. वास आला. कलकलाट आला. वाळत घातलेली चादर पांढरी राहीना, म्हणजे हव्या तिथे राहीना. आभाळी भिंतीवर वळचणीपासून खिडकीपर्यंत पहिला ओघळ आला, तेव्हा जावई फडकं घेऊन गेला, एक डोळा बारीक करून बघत राहिला, आणि फडकं खिशात घालून परत आला. त्याच्या हातून असे ओघळ कधी जमले नव्हते, म्हणाला. पहिल्या दोन पावसांनंतर जाळेवाला थोरलीच्या दारात पानभर मासे ठेवून गेला. मांजराने नाक मुरडलं नाही.

आणि रोपांची सकाळ आली.

पूर्वीसारखी नव्हती म्हणा. खालचे दोन वाफे अजून आजारी होते. पण वरचे चार बघून थोरलीला मध्येच उठून पाणी प्यावं लागलं, कोणी डोळे बघू नयेत म्हणून. टोपल्या आधी दोन आल्या, मग पाच. मग बातमी पसरली आणि वाट भरून गेली. थोरली दगडावर बसली. पहिल्या माणसाला तिने मूठभर रोपं दिली आणि म्हणाली, "दोन वर्षं रस्ता चुकला होतास, डोळे तपासून घे." तो इतका आनंदाने हसला, की मागचे लोक पुढे सरकले.

सगळ्यांच्या शेवटी धाकटी. हातात टोपली, टोपलीत ओलं पोतं.

"हात बरा झाला वाटतं, जाऊबाई," ती म्हणाली. आणि ह्या वेळी तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिने रोपांकडे बघितलं आणि गावाकडे वळून म्हणाली, "काही म्हणा, थोरलीच्या हाताला गुण आहे तो आहेच."

गाव मान हलवायला लागलं. आहेच, आहेच.

थोरलीने नुसतं "आहेच" म्हटलं असतं तर झालं असतं. शब्द जिभेवर आला होता. पन्नास वर्षांची सवय. जाळेवाला बघत होता, तो बोलणार नव्हता. लेक बोलणार नव्हती. वाफ्याच्या कडेला जावई टोपल्यांतली पोती भिजवत होता. तोही बोलणार नव्हता. खाली मान घालून पाणी शिंपडत होता, आणि त्याच्या डाव्या खांद्यावर, धुतलेल्या सदऱ्यावर, ताजा पांढरा ओघळ होता.

थोरलीने जिभेवरचा शब्द गिळला.

"धाकटे, थांब," ती म्हणाली. "मी खत घातलं नाही म्हणत होते ना? घातलं. दर दिवशी घातलं. वाहणारे मात्र दुसरे होते." तिने खडकाकडे हात केला. धाकटीने वर बघितलं, वाफ्यांकडे बघितलं, परत वर बघितलं. तिचा जबडा हळूहळू खाली आला. चार दात दिसले. थोरलीने ते चारही बघून घेतले आणि तोंड फिरवलं.

"जावईबापू, इकडे या. असे समोर या, सगळ्यांच्या."

जावई आला. लोकांनी वाट दिली. त्याला खांद्यावरच्या ओघळाची जाणीव झाली आणि त्याने घाईने रुमाल काढला.

"जन्मभर तुम्ही रंग लावत आलात," थोरली म्हणाली. "बाजारातल्या पाट्या रंगवल्या, माझी भिंत रंगवली, तिला चार हात दिलेत. एक माणूस कधी थांबला नाही बघायला. एकदाच तुमचं काम बघून कोणीतरी समुद्र ओलांडून आलं आणि संसार मांडून बसलं. आणि ते काम होतं शिटेचं. तुम्ही माझं घर धुऊन घालवलंत आणि घाण करून परत आणलंत. ह्या गावात घाण करायला पुष्कळ येतात, पण तुमच्यासारखा हात कोणाला नाही. मलाही नाही. ठेवा तो रुमाल खिशात."